टेनिसची ऑक्टोबर हीट

नोव्हेंबर २००५. अर्जेंटिनाचा दाविद नालबंदियान सुट्टीच्या मूडमध्ये होता. सीझन संपलेला, रॅकेट्स बॅगेत बंद, पॅटागोनियात जाऊन निवांत मासे पकडायचे एवढाच बेत. तेवढ्यात निरोप आला. शांघायमध्ये वर्षअखेरची मास्टर्स कप स्पर्धा आहे, अँडी रॉडिक पाठीच्या दुखण्यामुळे येत नाहीये, त्याची जागा रिकामी आहे. येतोस का?

खरं तर ही स्पर्धा म्हणजे वर्षभरातल्या टॉप आठ जणांचं संमेलन. पण त्या वर्षी तिची अवस्था दिवाळीच्या आदल्या दिवशीच्या ऑफिससारखी झाली होती. मरात साफिनचा गुडघा गेलेला. लेटन ह्युइटच्या घरी पाळणा हलणार होता, त्यामुळे तो घरीच थांबला. नदाल शांघायपर्यंत आला आणि पायाच्या दुखापतीमुळे न खेळताच परत गेला. आगासी एक मॅच खेळला आणि घोट्याच्या दुखण्याने त्यानेही बॅग भरली. उरलं कोण? रॉजर फेडरर, आणि 'आलोच आहोत तर खेळून घेऊ' म्हणणारी मंडळी.

फेडररही शंभर टक्के फिट नव्हता. ऑक्टोबरमध्ये सराव करताना त्याचाही घोटा दुखावला होता. तरी गडी लागोपाठ ३५ मॅचेस जिंकून फायनलला आला होता. शिवाय तेव्हा त्याचा एक खाक्याच होता. फायनलला पोचला की हरायचं नाही. २४ फायनल्स, २४ किताब! नालबंदियानविरुद्ध पहिले दोन सेट त्याने टायब्रेकवर खिशात घातले. मग फेडररचे पाय जड झाले. पुढचे दोन सेट नालबंदियानने आरामात घेतले, पाचव्यात ४-० अशी आघाडी घेतली. फेडरर तिथूनही परत आला, ६-५ वर सर्व्हिस करताना विजयापासून फक्त दोन पॉइंट लांब होता... आणि टायब्रेकमध्ये जिंकला कोण, तर मासे पकडायला निघालेला माणूस. फेडररने ते वर्ष ८१ विजय आणि ४ पराभवांवर संपवलं. चौथा पराभव हा.

टेनिसच्या वर्षअखेरीचा विषय निघाला की ही मॅच आठवायलाच हवी. दुखावलेले घोटे, रिकाम्या जागा, दमलेला राजा आणि डोक्याला कसलंच टेन्शन नसलेला पाहुणा, असा सगळा मसाला तिच्यात आहे.

आपली सुट्टी, त्यांची ड्युटी

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यूएस ओपन संपलं की आपल्यासारख्या टेनिसप्रेमींचं वर्ष संपतं. विम्बल्डनची स्ट्रॉबेरी झाली, न्यूयॉर्कच्या नाइट मॅचेस पहाटे उठून बघून झाल्या, आता थेट जानेवारीत मेलबर्न. मधल्या काळात टेनिस कुठे चालू असतं, हे ऑफिसात कुणाला विचारून बघा. दहातले नऊ जण खांदे उडवतील.

चालू असतं, आणि जोरात असतं. आधी आशियाची वारी, म्हणजे बीजिंग, टोकियो आणि शांघाय. मग सगळं बाडबिस्तर युरोपात, बंद छपराखाली. बासल, व्हिएन्ना, पॅरिस. शेवटी नोव्हेंबरच्या मध्यावर आठ जणांची एटीपी फायनल्स, आणि ज्यांच्या नशिबात आहे त्यांना वर डेव्हिस कप. जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या कडक उन्हात सुरू झालेलं वर्ष नोव्हेंबरमध्ये युरोपातल्या एखाद्या इनडोअर हॉलमध्ये संपतं. त्यानंतर जेमतेम पाच-सहा आठवडे मोकळे. त्यातही पुढच्या वर्षाचा फिटनेस करायचा असतो, म्हणजे 'सुट्टी' फक्त नावाला.

आपल्याकडे ऑक्टोबर हीट म्हणतात ना, पाऊस गेलाय, थंडी यायचीय, मधल्या मध्ये नुसती काहिली, तसा हा टेनिसचा ऑक्टोबर. ग्रँड स्लॅमचं ग्लॅमर संपलेलं, नवं वर्ष लांब. अशा वेळी कोण कसं खेळतो, हे बघण्यात जाम मजा असते. (आणखी एक फायदा म्हणजे शांघाय आपल्यापेक्षा अडीच तासच पुढे आहे. तिथली संध्याकाळची मॅच आपल्याकडे दुपारच्या चहाच्या वेळी सुरू होते. स्कोअरची विंडो छोटी करून ठेवायची कला ज्याची त्याने शिकावी.)

आता या दिवसांत मोठमोठे स्टार अचानक कुणा सोम्यागोम्याकडून हरायला लागतात. लोक लगेच म्हणतात, थकले बिचारे. थकवा असतोच, नाकारायचं कारण नाही. पण थकवा सगळ्यांनाच असतो. मग काही जण ढेपाळतात आणि काही जण वर्षातलं बेस्ट टेनिस नेमकं तेव्हाच कसं खेळतात? माझं मत विचाराल, तर पायांत किती दम उरलाय याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कुणाला अजून काय हवंय.

हे कळायला रँकिंगचं गणित थोडं समजून घ्यावं लागतं. फार किचकट नाही. ग्रँड स्लॅम जिंकलं की २००० गुण, मास्टर्स जिंकलं की १०००, त्याखाली ५०० आणि २५० च्या स्पर्धा. एटीपी फायनल्स एकही मॅच न हरता जिंकली तर १५००. पण हे गुण कायमचे मिळत नाहीत, ५२ आठवडे वापरायला मिळतात. मागच्या ऑक्टोबरला कमावलेले गुण या ऑक्टोबरला खात्यातून जातात, ते परत कमवायचे. सेल्समध्ये असाल तर चटकन कळेल. गेल्या वर्षी दिवाळीत टार्गेट तोडलंत, शाब्बास, आता तोच आकडा या वर्षीचा किमान आकडा. टेनिसवाले याला 'गुण डिफेंड करणं' म्हणतात.

त्यामुळे ऑक्टोबरात कोर्टावर आमनेसामने उभे असलेले दोघं बऱ्याचदा एकच मॅच खेळत नसतात. एकाचा आठवा नंबर निसटतोय, दुसऱ्याचं वर्ष कधीच सेट झालंय आणि त्याला घरचं जेवण दिसतंय. स्कोअरबोर्डवर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

'बेस्ट एफर्ट'चा गुन्हा

निकोलाय दाविदेन्को आठवतो? बारीक, टक्कल पडत चाललेला, कुठल्याही अँगलने स्टार न दिसणारा रशियन. २००७ मध्ये हा माणूस जगात चौथा होता आणि वर्षाला तीसच्या आसपास स्पर्धा खेळायचा. बाकीचे टॉपवाले विश्रांती घेत तेव्हाही हा कुठे ना कुठे खेळतच असायचा. आपल्या ऑफिसात नाही का एक जण असतो, ज्याच्या सगळ्या रजा दरवर्षी लॅप्स होतात?

त्या ऑक्टोबरमध्ये मॉस्कोची स्पर्धा जिंकून तो सेंट पीटर्सबर्गला आला. समोर क्रोएशियाचा मरिन चिलिच, तेव्हा शंभरीच्या आसपास रँकिंग असलेला पोरगा. पहिला सेट दाविदेन्कोने ६-१ असा घेतला. मग जे काही बिनसलं ते बिनसलंच. दुसरा सेट ५-७. तिसऱ्यात डबल फॉल्टवर डबल फॉल्ट. अंपायरने चक्क मॅच चालू असताना त्याला ताकीद दिली, की तू पुरेसे प्रयत्न करत नाहीयेस. तिसरा सेट १-६. नंतर दोन हजार डॉलरचा दंडही झाला. टेनिसच्या नियमपुस्तकात हे कलम खरोखरच आहे, खेळाडूने 'बेस्ट एफर्ट' दिलाच पाहिजे. जगातल्या चौथ्या नंबरच्या खेळाडूला, त्याच्याच देशात, भर कोर्टात 'नीट काम कर' असं सांगितलं गेलं.

पुढच्याच आठवड्यात पॅरिसला बगदातिसविरुद्ध पुन्हा तेच. दहा डबल फॉल्ट. तिथल्या अंपायरनेही त्याला सर्व्हिसवरून सुनावलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या पोलंडमधल्या एका मॅचवर संशयास्पद बेटिंग झालं होतं आणि त्याची चौकशी चालू होती, हेही लक्षात घ्या. म्हणजे शरीर दमलेलं, डोक्यावर चौकशी आणि वर अंपायरचे टोमणे. दंड पुढे अपिलात रद्द झाला. बेटिंगच्या प्रकरणातही २००८ मध्ये त्याच्याविरुद्ध काही सापडलं नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. २००९ च्या सुरुवातीला टाचेच्या दुखापतीने दाविदेन्कोला सक्तीने घरी बसवलं. ऑस्ट्रेलियन ओपन हुकलं, पुढेही काही स्पर्धा गेल्या. जो माणूस स्वतःहून कधी रजा घेत नव्हता, त्याला टाचेने मेडिकल लीव्ह घ्यायला लावली! त्या वर्षी त्याने पाच किताब जिंकले आणि पाचही वर्षाच्या उत्तरार्धातले. शांघाय मास्टर्समध्ये सेमीफायनलला जोकोविच, फायनलला नदाल. नोव्हेंबरमध्ये लंडनला एटीपी फायनल्समध्ये फेडररला हरवलं. त्याआधी बारा वेळा खेळून एकदाही हरवता आलं नव्हतं. आणि फायनलमध्ये नुकताच यूएस ओपन जिंकलेला देल पोत्रो. बाकीचे सगळे वर्षभर पळून आले होते, हा अर्ध्या वर्षाचा ताजा होता.

नालबंदियाननेही २००७ मध्ये हेच केलं. वर्षभर दुखापती, सुमार निकाल, रँकिंग पंचविशीच्या आसपास. आणि ऑक्टोबरमध्ये माद्रिदला एकाच स्पर्धेत नदाल, जोकोविच आणि फेडरर, म्हणजे तेव्हाचे पहिले तीन, ओळीने गारद. दोन आठवड्यांनी पॅरिसला फेडरर आणि नदाल पुन्हा. स्वतः नदालचं मात्र उलटं. बावीस ग्रँड स्लॅम जिंकलेल्या या माणसाला पॅरिस मास्टर्स आणि एटीपी फायनल्स या दोन स्पर्धा कधीच जिंकता आल्या नाहीत. इनडोअर कोर्ट त्याच्या खेळाला मानवत नव्हतं हे आहेच, पण दर उन्हाळ्यात क्ले कोर्टवर तो जे शरीर झिजवायचा, त्याचं बिल वर्षअखेरीलाच यायचं.

निक किरिऑसची केस वेगळी. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने टोकियो जिंकलं, तोवरचा त्याचा सगळ्यात मोठा किताब. त्याच्या पुढच्या आठवड्यात शांघायला मिशा झ्वेरेवविरुद्ध तो नुसता बॉल टाकल्यासारखी सर्व्हिस करत होता. सर्व्हिस टाकली की रिटर्न न बघताच खुर्चीकडे चालायला लागायचा. मला घरी जायचंय, लवकर संपव, अशा अर्थाचं अंपायरला बोलूनही दाखवलं. ६-३, ६-१. दंड, आठ आठवड्यांची बंदी, आणि स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टकडे गेलास तर तीन आठवडेच, अशी सवलत. वागणं बेजबाबदार होतंच, तिकीट काढून आलेल्या माणसाने काय करायचं? पण बाराही महिने खेळणाऱ्यांतल्या कितीजणांच्या मनात ते वाक्य असेल आणि फक्त तोंडावर येत नसेल, असंही वाटून जातं.

नंबर वनचं बिल

काही जणांना मात्र याच दिवसांत झपाटल्यासारखं होतं. १९९८ मध्ये पीट सॅम्प्रासला एकच गोष्ट हवी होती. सलग सहाव्या वर्षी वर्षअखेरीस नंबर वन. तसं आधी कुणी केलं नव्हतं. मागे चिलीचा मार्सेलो रिओस लागला होता. अमेरिकेत आरामात राहणारा सॅम्प्रास त्या शरदात युरोपात मुक्कामालाच गेला. बासल, व्हिएन्ना, लिऑं, श्टुटगार्ट, पॅरिस, स्टॉकहोम, एकामागून एक. व्हिएन्ना जिंकला, पॅरिसला फायनल हरला, स्टॉकहोमला लवकर बाहेर. टेन्शनने केस गळायला लागले होते, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलंय. शेवटी हॅनोवरच्या वर्षअखेरच्या स्पर्धेत रिओसने पाठदुखीने माघार घेतली आणि सहावं वर्ष सॅम्प्रासच्या नावावर लागलं. दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपन होतं. सॅम्प्रास तिथे गेलाच नाही, इतका तो रिकामा झाला होता. एकूण सहा वेळांचा त्याचा विक्रम पुढे २०२१ मध्ये जोकोविचने सातव्यांदा वर्षअखेरचा नंबर वन होऊन मोडला.

अँडी मरेची गोष्ट तर याहून भारी आणि याहून कडू. २०१६ च्या जूनमध्ये जोकोविच फ्रेंच ओपन जिंकला, लागोपाठ चौथं ग्रँड स्लॅम. तेव्हा तो मरेच्या पुढे होता सुमारे आठ हजार गुणांनी. आठ हजार म्हणजे चार ग्रँड स्लॅम! शर्यत संपल्यातच जमा. पण हवं ते सगळं मिळाल्यावर जोकोविचचा मोटार बंद पडल्यासारखा झाला. त्या शरदात तो उघडपणे सांगत होता, की नंबर वन आणि ट्रॉफ्या आता माझ्यासाठी पहिल्या नंबरवर नाहीत, मला खेळातला आनंद परत शोधायचाय. प्रमोशन मिळाल्यावर सहा महिन्यांनी 'आता पुढे काय' असं वाटतं ना, तसं काहीसं.

मरेला मात्र एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच तो नंबर दिसत होता. बीजिंग, शांघाय, व्हिएन्ना, पॅरिस. चारही जिंकला. पॅरिसला सेमीफायनलमध्ये राओनिचने खेळण्याआधीच माघार घेतली आणि मरे नंबर वन झाला. पण वर्षअखेरचा नंबर वन अजून ठरायचा होता. लंडनच्या एटीपी फायनल्समध्ये त्याने राओनिचविरुद्धची सेमीफायनल तीन तास ३८ मिनिटं खेळली, तीही तीनच सेटची. दुसऱ्या दिवशी फायनल, समोर जोकोविच, आणि जो जिंकेल तो वर्षाचा नंबर वन. हिंदी सिनेमाच्या स्क्रिप्टमध्ये असतं तर फिल्मी म्हणून आपण हसलो असतो. मरे ६-३, ६-४ जिंकला. सलग चोविसावा विजय, सलग पाचवी स्पर्धा. वर्षभरात ८७ मॅचेस, त्यातल्या ७८ जिंकलेल्या.

आणि मग बिल आलं. दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या चौथ्या फेरीत तो हरला, कुणाकडून, तर त्याच मिशा झ्वेरेवकडून. विम्बल्डनला लंगडत खेळला आणि त्यानंतर ते वर्षच संपलं. जानेवारी २०१८ मध्ये हिपचं ऑपरेशन. जानेवारी २०१९ मध्ये मेलबर्नला पत्रकारांसमोर रडत सांगितलं, की आता दुखणं सहन होत नाही. मग दुसरं ऑपरेशन, हिपमध्ये धातू बसवलेला. हिप त्याला आधीपासूनच त्रास देत होता हे खरं, पण त्या वर्षीच्या ८७ मॅचेसनी त्याचं काही भलं केलं नसणार, एवढं म्हणायला डॉक्टर असावं लागत नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मरेने अँटवर्प जिंकलं. साधी २५० गुणांची स्पर्धा, मोठे स्टार जिच्याकडे फारसं बघतही नाहीत. त्याचं रँकिंग तेव्हा २४३. फायनलमध्ये वावरिंकाविरुद्ध एक सेट मागे पडून तो जिंकला, खुर्चीवर बसला आणि ढसाढसा रडला. नंबर वन झाला त्या रात्रीपेक्षा मला हा मरे जास्त आवडतो.

बरं, सीझन फार लांबलाय ही तक्रार आता जवळपास सगळेच करतात. २०२५ च्या शांघायमध्ये ती तक्रार डोळ्यांनी दिसली. दमट हवा इतकी भयंकर, की यानिक सिनरला पायांत गोळे येऊन मॅच सोडावी लागली. कोर्टावर कुणी मरायची वाट बघताय का, असं होल्गर रुनने विचारलं. पुढच्याच आठवड्यात स्टॉकहोमला सेमीफायनल खेळताना रुनचा अकिलीस टेंडन फाटला. आकडेवारी बाजूला ठेवली तरी हे चित्र बरं नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. त्याच दिवसांत, शांघाय संपल्यावर लगेच, सौदीतल्या रियाधमध्ये 'सिक्स किंग्ज स्लॅम' नावाचा प्रदर्शनी तमाशा होतो. गुण शून्य, विजेत्याला साठ लाख डॉलरपर्यंत. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी सिनर जिंकला, दोन्ही वेळा फायनलला समोर कार्लोस अल्काराझ. अल्काराझने २०२५ ला घोट्याच्या कारणाने शांघाय सोडलं होतं, रियाधला मात्र तो पोचला. त्याचं म्हणणं असं, की प्रदर्शनी सामन्यात दोन-तीन मॅचेस असतात, डोक्याला तसा ताण नसतो. असेलही. पण मग पॅरिसला पहिल्याच मॅचला कॅमेरॉन नॉरीकडून हरल्यावर 'कॅलेंडर फार भरगच्च आहे' हे ऐकताना आपल्या भुवया वर जाणारच ना? वीकेंडला फ्रीलान्स काम घेऊन सोमवारी वर्कलोडबद्दल बोलणाऱ्या कलीगकडे आपण बघतो तशाच. (तरी त्या वर्षाच्या अखेरीस नंबर वन अल्काराझच राहिला. सिनरने व्हिएन्ना, पॅरिस आणि एटीपी फायनल्स, तिन्ही जिंकल्या, तरीही. गणित असंच असतं.)

१०४ नंबरची रेषा

आतापर्यंत आपण ज्यांच्याबद्दल बोललो, त्यांच्या घराचे हप्ते केव्हाच फिटलेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं खरं टेन्शन बघायचं तर टीव्हीवर न दिसणाऱ्या स्पर्धांकडे जायला हवं.

ग्रँड स्लॅमच्या मेन ड्रॉमध्ये १२८ खेळाडू असतात. त्यातल्या साधारण १०४ जणांना रँकिंगवर थेट प्रवेश. उरलेल्या जागा क्वालिफायर्स आणि वाइल्ड कार्डवाल्यांच्या. ऑस्ट्रेलियन ओपनची ही यादी स्पर्धेच्या साधारण सहा आठवडे आधीच्या रँकिंगवरून ठरते. म्हणजे जो ९५ ते ११५ च्या पट्ट्यात आहे, त्याच्यासाठी वर्षाचे हे शेवटचे आठवडे म्हणजे दहावीचा पेपर. रेषेच्या आत राहिलात तर जानेवारीत पहिल्या फेरीत हरूनही खर्चापाण्याची सोय होते. २०२४ मध्ये पहिल्या फेरीतल्या पराभूताला १ लाख २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले होते. बाहेर राहिलात तर क्वालिफाइंगच्या तीन मॅचेस, बहुतेक रिकाम्या स्टँडसमोर.

म्हणून नोव्हेंबरात, स्टार मंडळी मालदीवला पोचलेली असताना, ही माणसं युरोपातल्या लहान गावांत चॅलेंजर स्पर्धा खेळत असतात. हे सगळ्यांत नाट्यमय रीतीने केलं ते आगासीने. नोव्हेंबर १९९७ मध्ये माजी नंबर वन, विम्बल्डन विजेता आगासी १४१ वर घसरला होता. वाइल्ड कार्डवर मोठ्या स्पर्धा खेळता आल्या असत्या. त्याऐवजी तो लास व्हेगासला, स्वतःच्या गावात, चॅलेंजर खेळला, फायनलला हरला. मग बरबँकला गेला आणि तिथली जिंकला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस सहावा, १९९९ मध्ये फ्रेंच ओपन आणि यूएस ओपन विजेता. तेव्हा नोव्हेंबरात त्या दोन चॅलेंजर कुणी बघितल्या असतील?

नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीक्सपूरनेही हाच रस्ता धरला. २०२१ मध्ये त्याने एकाच वर्षात आठ चॅलेंजर जिंकण्याचा विक्रम केला, त्यातल्या बऱ्याचशा सप्टेंबरनंतर. त्याचा पहिला मोठा एटीपी किताब आला तो जानेवारी २०२३ मध्ये, आपल्या पुण्यात, बालेवाडीच्या महाराष्ट्र ओपनमध्ये. आणि २०२५ ला शांघायमध्ये गोळे येऊन सिनर बसला, तेव्हा नेटच्या पलीकडे हाच होता.

आपल्या सुमीत नागलची गोष्ट इथेच सांगायला हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने मोकळेपणाने सांगितलं, की माझ्या बँकेत ९०० युरो आहेत. वर्षाच्या सुरुवातीला होते तेवढेच. भारताचा सिंगल्समधला नंबर एकचा खेळाडू! एकच कोच बरोबर घेऊन फिरायचं तरी वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी. बक्षिसाचे पैसे, इंडियन ऑइलचा पगार आणि महा टेनिस फाउंडेशनची मदत, सगळं त्यातच जात होतं. 'मोटिव्हेशन कुठून आणतोस' हा प्रश्न अशा माणसाला विचारायची सोयच नाही. त्या वर्षअखेरीला तो १०४ च्या रेषेत आला नाही, तेव्हा क्वालिफाइंगच्या तीन मॅचेस जिंकून मेलबर्नच्या मेन ड्रॉमध्ये शिरला. आणि पहिल्या फेरीत ३१ वा सीडेड बुब्लिक, सरळ तीन सेटमध्ये! ग्रँड स्लॅम सिंगल्समध्ये भारतीयाने सीडेड खेळाडूला हरवायला १९८९ चा रमेश कृष्णन आठवावा लागला. दुसऱ्या फेरीचे मिळाले १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, जवळपास एक कोटी रुपये. म्हणजे एका वर्षाचा खर्च निघाला. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरात आला.

आणि २०२५ चं शांघाय. मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशरो, वय २६, रँकिंग २०४. क्वालिफाइंगच्याही यादीत नाव नव्हतं, वेटिंग लिस्टवर होता. आपण तत्काळचं तिकीट कन्फर्म होईल या आशेवर स्टेशनवर जातो, तसा हा चीनला गेला. कुणी कुणी माघार घेतली, नंबर लागला. क्वालिफाइंगमधून मेन ड्रॉमध्ये आला. मग बुब्लिक, ग्रीक्सपूर, रुन. सेमीफायनलला चक्क जोकोविच, जो त्या उकाड्यात आठवडाभर स्वतःच्या शरीराशी भांडत होता. दोन सेटमध्ये आटोपला.

फायनलला समोर आला आर्थर रिंडरक्नेश. नात्याने वाशरोचा भाऊच! दोघं अमेरिकेत टेक्सास ए अँड एम या एकाच कॉलेजकडून खेळलेले. वाशरोचा कोच त्याचाच सावत्र भाऊ बेंजामिन बालरे. म्हणजे मास्टर्सची फायनल की घरचं कार्य, असा प्रश्न पडावा. पहिला सेट भावाने ६-४ घेतला. पुढचे दोन वाशरोने ६-३, ६-३. इतक्या खालच्या रँकिंगवरून मास्टर्स १००० जिंकणारा तो पहिलाच. चेक सुमारे ११ लाख डॉलरचा. त्याआधीच्या अख्ख्या कारकिर्दीत सगळं मिळून त्याने सहा लाखही कमावले नव्हते. सोमवारी रँकिंग ४०.

बक्षीस समारंभात रिंडरक्नेशच्या पायांत इतके गोळे आले, की त्याला नीट उभंही राहवेना. आणि वाशरोने जिंकल्यावर, रीतीप्रमाणे कॅमेऱ्याच्या काचेवर सही करताना, आजी-आजोबांना अभिमान वाटला असता, असं लिहिलं. दोघांचे आजी-आजोबा एकच.